पूर ओसरल्यावर खचलेला रस्ता

नदीकाठचे रस्ते पुरात वाहून जातात, असे आपण सर्रास म्हणतो. माझ्या अखत्यारीतील रस्ता मात्र पूर ओसरून गेल्यावर, लख्ख उन्हात खचला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीने शहरातील वस्त्यांत शिरून जो हाहाकार उडवला, तो सर्वांनी पाहिला. हीच नाग नदी शहराच्या पूर्वेला पिली नदीला सोबत घेऊन कन्हानकडे जाते आणि त्या वाटेवरील एका वळणावर आमचा ग्रामीण रस्ता तिच्या काठाला अगदी लागून जातो. पूर चढलेला असताना तेथे साईडपट्टीवरून पाणी गेले, एका मोरीचे कठडे गेले, पण डांबर शाबूत राहिले. पाणी उतरले, वाहतूक सुरू झाली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यानंतर नदीकडील अर्धा रस्ता सुमारे ४० मीटर लांबीत कमरेइतका खाली बसला.

बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून मी तेथे पोहोचले तेव्हा जमलेल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की, पाणी नसताना रस्ता कसा गेला. उत्तर पाठ्यपुस्तकात असते, पण ते असे समोर पाहायला मिळण्याचा योग क्वचित येतो. पूर चढलेला असतो तेव्हा काठाची माती पाणी पिऊन जड होते. तरीही नदीतील पाणीच बाहेरून तिला रेटून धरत असते. पूर झपाट्याने उतरतो तेव्हा बाहेरचा तो आधार जातो, मातीच्या पोटातील पाणी मात्र तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाही, कारण आपली काळी माती पाणी धरून ठेवण्यात पटाईत आहे. आत अडकलेले पाणी मातीच्या कणांना एकमेकांपासून ढकलू लागते, घर्षण घटते, आणि वर रस्त्याचे व वाहनांचे वजन असेल तर काठाचा आख्खा तुकडा वक्राकार पृष्ठावरून खाली सरकतो. त्यातच नागपूरच्या उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काठाला समांतर पडलेल्या भेगांवर कोणी डांबराचा, कोणी मुरमाचा थर टाकलेला असतो, म्हणून त्या दिसत नाहीत. पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी थेट खोलवर उतरते.

पहिले काम रस्ता दुरुस्त करण्याचे नव्हते, तो आणखी खचू न देण्याचे होते. जड वाहने बंद केली, कारण रेतीचे आणि विटांचे टिप्पर याच रस्त्याने जात. काठावर कोणीतरी ‘भराव’ म्हणून आणून टाकलेला शहरातील मलबा जेसीबीने मागे ओढून घेतला. मलबा टाकल्याने काठ मजबूत होतो अशी एक पक्की समजूत आहे. प्रत्यक्षात तो डळमळीत काठाच्या डोक्यावर वजन वाढवतो आणि पायथ्याला काहीच आधार देत नाही. उरलेल्या रस्त्यावर मधोमध एक बारीक भेग दिसत होती. तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांच्यातील अंतर रोज सकाळी मोजून वहीत लिहायला रस्त्यावरील मजुराला सांगितले आणि भेगेवर ताडपत्री अंथरून तिच्या कडा मातीने दाबल्या. अंतर वाढणे थांबेपर्यंत त्या बाजूने दुचाकीही जाऊ दिली नाही. त्यावरून मला बरीच बोलणी खावी लागली, कारण शाळेची मुले आणि भाजी घेऊन कळमन्याच्या बाजाराला निघालेले शेतकरी यांना लांबचा वळसा पडत होता.

पाणी पुरेसे उतरल्यावर पात्रात उतरून काठ खालून पाहिला. माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत महत्त्वाची पाहणी तीच होती आणि दुर्दैवाने बहुतेक पाहण्या रस्त्यावर उभे राहून, गाडीचे दार उघडे ठेवूनच होतात. खालून पाहिल्यावर काठाचा छेद स्वच्छ दिसत होता. वर जवळजवळ तीन मीटर काळी माती, तिच्याखाली हातभर जाडीचा पिवळसर रेताड थर, त्याखाली पुन्हा चिकण माती आणि तळाशी मुरूम. पूर ओसरून गेल्यावरही त्या रेताड थरातून पाणी झिरपत होते आणि झिरपताना रेतीचा एकेक कण बाहेर आणत होते. थराच्या तोंडाशी लहान लहान पोकळ्या पडल्या होत्या. एका पोकळीत मोजपट्टीची मुठीएवढी डबी ठेवली, तर ती सहज आत गेली आणि वरून चिमूटभर माती तिच्यावर गळाली. खालचा थर असा पोखरला जातो, वरची काळी माती छज्जासारखी पुढे लोंबते आणि मग स्वतःच्याच भाराने तुटून पडते. मध्येच कुठे प्लास्टिकच्या पिशव्यांचे दाट पट्टे मातीत गाडलेले दिसत होते, म्हणजे हा काठ काही ठिकाणी काठ नव्हताच, जुना कचरा टाकून बुजवलेली घळ होती.

वळणावर नदी बाहेरचा काठ का खाते, हेही पात्रात उतरल्याशिवाय नीट उमगत नाही. वळण घेताना पृष्ठभागावरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते, तेथे खाली बुडी मारते, तळ खरवडते आणि तळालगत आतल्या काठाकडे जाऊन तेथे रेती टाकते. म्हणून बाहेरच्या काठाशी डोह आणि समोर रेतीचा पट्टा, ही जोडी प्रत्येक वळणावर सापडते. आम्ही दोरीला वजन बांधून आणि मोजणीची उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरून वळणाच्या वर, वळणात आणि वळणाखाली खोली मोजली. सरळ भागाच्या मानाने वळणातील डोह दीड मीटरहून अधिक खोल निघाला. काठाचा पायथा नेमका त्या डोहाच्या तोंडाशी उभा होता. वरून जे ‘रस्ता खचला’ असे दिसत होते, ते खाली पायथा उघडा पडण्याचे अखेरचे पाऊल होते.

नदी पुरात तळ किती खोलवर खरवडेल याचा अंदाज घेतल्याशिवाय पायाची खोली ठरवता येत नाही. त्यासाठी लेसी या अभियंत्याचे सूत्र वापरण्याची आपल्याकडे रीत आहे: पुराचा विसर्ग आणि गाळाच्या कणांच्या आकारावर ठरणारा गुणांक यांवरून साधारण खरवड काढायची आणि जागेनुसार ती वाढवायची. सरळ पात्रात सव्वापट, मध्यम वळणावर दीडपट, तीव्र वळणावर पावणेदोनपट आणि काटकोनी वळणावर दुप्पट. मात्र हे सूत्र गाळाच्या मातीतील कालव्यांच्या निरीक्षणावरून १९३० मध्ये मांडलेले आहे. चिकण काळी माती एकेका कणाने वाहून जात नाही, ती ढेकळांनी सुटते. त्यामुळे सूत्राचे उत्तर घेऊन थांबण्याऐवजी आम्ही मोजलेला डोह, मुरमाची पातळी आणि गावातील जुन्या लोकांनी दाखवलेल्या पुराच्या खुणा, या तिन्हींशी ते ताडून पाहिले. एका घराच्या मागच्या भिंतीवर २०२३ च्या पुराची रेघ अजून होती; तिची उंची लेव्हल या मोजणीच्या उपकरणाने घेतली.

आता उपाय काय, यावर प्रत्येकाचे मत तयार होते आणि ते एकच होते: काँक्रीटची उंच भिंत. भिंत दिसते, तिचे भूमिपूजन करता येते, तिच्यावर नाव कोरता येते. पण याच वळणाच्या जरा वर पूर्वी बांधलेली एक काँक्रीट भिंत नदीकडे कलून पडलेली होती आणि मी सर्वांना आधी ती पाहायला नेले. भिंतीचे काँक्रीट उत्तम होते. ते कुठेही फुटलेले नव्हते. तिच्यात पाणी निघण्याची छिद्रे मोजकीच होती आणि मागे खडीची गाळणी नसल्याने तीही मातीने बुजली होती. मागे साठलेल्या पाण्याने भिंत ढकलली आणि पुढे नदीने पायाखालची माती काढून घेतली. २०२३ च्या पुरात शहरातही नाग नदीच्या संरक्षक भिंती ठिकठिकाणी कोसळल्या. पडलेली अखंड भिंत पाहिल्यावर लोकांचा आग्रह थोडा सैल झाला.

दुसरी सूचना नदी सरळ करण्याची होती: समोरचा रेतीचा पट्टा खणून काढा म्हणजे पाणी इकडे मारणार नाही. ऐकायला हे सोपे वाटते. वळण कापले की उंचीचा फरक तेवढाच राहून नदीची लांबी कमी होते, म्हणजे वेग वाढतो, आणि खालच्या बाजूला जो पहिला काठ भेटेल त्याची गत आमच्या काठासारखी होते. शिवाय तो पट्टा काही वर्षांत पुन्हा तेथेच साठतो. समोरच्या काठावरच्या एका वयस्कर शेतकऱ्याने तर वेगळीच भीती बोलून दाखवली. “मॅडम, तुमी तिकडून भिंत उभी कराल तं पाणी माह्या वावरात घुसन. मंग मी कोणाकडं जाऊ?” त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. रस्त्याला जागा मिळावी म्हणून भिंत पात्रात पुढे सरकवून मागे भराव करण्याचा मोह अशा कामांत नेहमी होतो. पात्र तेवढे अरुंद होते आणि पुराचे पाणी समोर चढते. म्हणून नवी रेषा नदीच्या आजच्या काठापुढे एक फूटही जाणार नाही, हे आधी ठरवले आणि त्याची किंमत रस्त्याने मोजावी असे ठरवले. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला शासकीय हद्दीत थोडी मोकळी पट्टी होती. तिच्या आधाराने रस्त्याचा मध्य दोन मीटर आत घेतला. अजून आत जाता आले असते तर मी काठावरचे निम्मे काम वाचवले असते, पण पुढे खासगी भाजीची वाडी होती आणि भूसंपादनाची वाट पाहण्याइतका काठ थांबणार नव्हता.

आराखडा असा ठरला. पायथ्याला गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली पाच थरांची भिंत. तळाला तीन मीटर रुंद, माथ्याला एक मीटर, आणि काठाकडे किंचित झुकलेली. सर्वांत खालचा थर पात्राच्या तळाखाली गाडलेला. त्याच्यापुढे नदीच्या बाजूला ३० सेंटिमीटर जाडीच्या जाळीच्या गाद्या अंथरायच्या. भिंतीच्या मागे न विणलेले जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड, मग खडी, मग मुरूम. भिंतीच्या वर उरलेला काठ दीडास एक (आडवे दीड, उभे एक) उताराने छाटून त्यावर लागवड. आणि भिंतीची दोन्ही टोके काठात आत वळवून पुरायची, कारण उघड्या टोकामागे नदी एकदा शिरली की सबंध भिंत सुस्थितीत राहूनही रस्ता मागून जातो. गॅबियन निवडण्याचे मुख्य कारण तिची लवचिकता. पायाखाली थोडी माती गेली तर ती वाकते, बसते, पण उलटून पडत नाही; आणि तिच्या पोकळ्यांतून मागचे पाणी आपोआप निघून जाते, त्यासाठी वेगळी छिद्रे ठेवावी लागत नाहीत. तोटाही मोठा आहे: सारे आयुष्य तारेवर अवलंबून. नाग नदीत बारा महिने शहराचे सांडपाणी वाहते, त्यामुळे नुसती जस्तलेपित तार मी मान्य केली नाही, २.७ मिलिमीटरच्या जस्तलेपित तारेवर पीव्हीसीचे आवरण असलेलीच जाळी अंदाजपत्रकात धरली. दर वाढला म्हणून त्यावर शेरा आला, त्याला नदीच्या पाण्याचा चाचणी अहवाल जोडून उत्तर दिले.

मंजुरीचा प्रवास थोडक्यातच सांगते, कारण तो सर्वांना ठाऊक असतो. आपल्याकडे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन पूररेषा मानतात. आमचे काम निळ्या रेषेच्या आत असल्यामुळे पात्र कोठेही अरुंद होत नाही हे आडव्या छेदांसह दाखवून ना-हरकत घ्यावी लागली. तेथे “एक फूटही पुढे नाही” हा निर्णय कामी आला. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा हे सोपस्कार चालू असतानाच १६ मार्च २०२४ पासून लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ती उठेपर्यंत पावसाळा दारात आला. तो सबंध पावसाळा मुरमाच्या गोण्या, बांबूचे खुंट आणि ताडपत्री यांवर काढला. गोण्या दोनदा वाहून गेल्या, रस्ता कसाबसा राहिला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता संपल्यावर डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष खोदाईला हात लागला.

अंदाजपत्रकातील एका बाबीने मात्र मला अनपेक्षित वेळ खायला लावला. वरच्या उतारावर वाळा हे गवत लावायचे मी ठरवले होते. खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, म्हणजे दरसूचीत, हिरवळ होती, वृक्षारोपण होते, पण वाळा नव्हता, म्हणून रोपे, वाहतूक, मजुरी आणि पाणी धरून स्वतंत्र दर विश्लेषण करावे लागले. लेखा शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते पाहून अतिशय गंभीरपणे विचारले, “मॅडम, वाळा नक्की काठासाठीच आहे ना? की कूलरच्या ताट्यांसाठी?” नागपुरात हा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. इथल्या मे महिन्यात वाळ्याच्या मुळ्या खिडकीतील कूलरला लावतात, तीच मुळे काठात सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात आणि आडवी फारशी पसरत नाहीत, म्हणून शेजारच्या झाडांशी भांडत नाहीत. पुराखाली आडवे पडले तरी हे गवत पाणी उतरल्यावर पुन्हा उभे राहते.

कामाच्या दृष्टीने सर्वांत कठीण टप्पा पायाचा. इतर नाले जानेवारीत कोरडे पडतात, नाग नदी मात्र सांडपाण्यामुळे कधीच आटत नाही. मातीच्या गोण्यांचा आडवा बांध घालून प्रवाह समोरच्या बाजूला वळवला, तरी खोदलेल्या चरात झिरप येतच राहिली आणि पंप अखंड चालू ठेवावे लागले. वास असा की, पहिल्या दिवशी आलेले काही मजूर दुसऱ्या दिवशी फिरकले नाहीत. जे टिकले त्यांच्यासाठी गमबूट, हातमोजे आणि अंगावर ओतायला स्वच्छ पाण्याची टाकी कंत्राटदाराकडून आग्रहाने मागून घेतली. चर एकदम सबंध लांबीत उघडायचा नाही, ही अट मी कामावर स्वतः उभे राहून पाळून घेतली: दहा-दहा मीटरचे तुकडे, एक खोदायचा, त्यात खालचा थर बसवायचा, मगच पुढचा. आधीच डळमळीत असलेल्या काठाचा पायथा एकाच वेळी कापणे म्हणजे उरलेला रस्ताही आपल्या हाताने पाडणे होय. पोकलेनच्या चालकाला हे तुकड्यांचे काम पसंत नव्हते. त्याचा तासांचा हिशोब बिघडत होता.

दगड उमरेड रस्त्याकडील खाणीतला काळा दगड होता. पेटीच्या जाळीचे छिद्र १० गुणिले १२ सेंटिमीटरचे, तेव्हा दगड त्याहून मोठा हवा. पण फार मोठा असेल तर पेटीत पोकळ्या राहतात. खाणीतून आलेल्या गाड्यांत बारीक चुरा आणि गोटे सर्रास मिसळलेले असत. पेटी पोकलेनने भरली तर काम झपाट्याने उरकते, म्हणून तशी मागणी वारंवार आली. दर्शनी बाजूचे दगड हाताने, सपाट तोंड बाहेर करून, एकमेकांत अडकवून बसवले नाहीत तर पुराच्या धक्क्याने आतले दगड हलतात, तारेवर घासतात आणि जाळी आतून कापली जाते. छत्तीसगडहून आलेल्या मजूर स्त्रिया या कामात इतक्या तरबेज होत्या की, दगड हातात घेताच फिरवून त्याची कोणती बाजू कुठे बसेल हे त्या ठरवून टाकत आणि न बसणारा दगड न बोलता मागे फेकत. एक तृतीयांश पेटी भरली की समोरची आणि मागची जाळी आडव्या तारांनी एकमेकींना बांधायची, दोन तृतीयांशाला पुन्हा बांधायची; हे टाळले तर पेटीचे पोट फुगते. पेटी काठोकाठ न भरता दोन-तीन सेंटिमीटर वर भरायची, कारण दगड बसतो. मग झाकण ओढून कडेने तारेची वीण घालायची, एक एकेरी वेढा आणि एक दुहेरी वेढा अशी. मी मोजमाप पुस्तिकेत पेटी नोंदवण्यापूर्वी या विणीवरून हात फिरवत असे. जेथे बोट आत जाईल तेथे पुन्हा वीण.

मागच्या भरावात खोदलेली काळी माती परत टाकण्यास सक्त मनाई केली होती. ती फुगते, आकसते आणि भिंतीला दर वर्षी धक्के देते. मुरूम २० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबून भरला आणि प्रत्येक थराची घनता तपासली. जिओटेक्स्टाईलचे पट्टे एकमेकांवर ३० सेंटिमीटर चढवले; त्या रेताड थरासमोर मात्र मी दुहेरी कापड लावून घेतले, कारण पोकळ्यांतून गळणारी ती रेती डोळ्यांसमोरून जात नव्हती.

नदीबद्दल इतके लिहिले, पण काठाचा दुसरा शत्रू रस्ता स्वतःच होता. रस्त्याचा उतार नदीकडे होता, त्यामुळे पावसाचे सारे पाणी साईडपट्टी ओलांडून काठावरून खाली कोसळे आणि प्रत्येक ठिकाणी एक घळ पाडे. गावातील गटारही कोणीतरी याच काठावर सोडले होते. रस्ता नव्याने करताना त्याचा आडवा उतार आतल्या बाजूला दिला, तेथे पक्की गटार केली आणि ते पाणी वळण संपल्यावर, काँक्रीटच्या पायऱ्यांवरून वेग मोडत नदीत सोडले. पायऱ्यांच्या खाली दगडांचा थर आहेच. या बाबीवर खर्च तुलनेने थोडा झाला, पण माझे स्पष्ट मत आहे की, नदीकाठच्या निम्म्या रस्त्यांना भिंतीआधी याची गरज असते.

लागवड पावसाळ्याच्या तोंडावर, जून २०२५ मध्ये केली. वाळ्याची तीन-तीन फुटव्यांची रोपे समपातळीच्या ओळींत, एका ओळीत १५ सेंटिमीटर अंतरावर लावली. ओळींच्या मध्ये निरगुडी आणि उताराच्या माथ्याजवळ, भिंतीपासून दूर, करंज. काठावर पूर्वी बेशरम ही झुडूपवजा वनस्पती माजलेली होती. ती काढू नका, तिच्यामुळे माती धरली जाते, असा काहींचा सल्ला होता. परंतु तिची मुळे उथळ असतात आणि पात्रात पसरून ती प्रवाह अडवते, म्हणून ती उपटली. बकऱ्यांपासून रोपे वाचवण्यासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. पहिल्या आठवड्यात पाऊस रुसला, तेव्हा टँकर लावावा लागला.

जुलैमधील पहिल्या मोठ्या पुरानंतर सरपंचांचा फोन आला, तो तक्रारीचाच होता. नदीच्या कडेच्या जाळीच्या गाद्या खचल्या, काम निकृष्ट झाले, असे गावात बोलले जात होते आणि मोबाईलवर छायाचित्रेही फिरत होती. गाद्या खरोखरच खाली वाकल्या होत्या आणि तसेच व्हायला हवे होते. गाद्यांच्या पुढील टोकाखालची माती नदीने काढून घेतली की त्या टोकाने वाकून खरवडीच्या उतारावर स्वतःच निजायचे आणि भिंतीच्या पायाकडे पाण्याला येऊ द्यायचे नाही, यासाठीच त्या तेथे असतात. म्हणूनच त्यांची रुंदी अपेक्षित खरवडीच्या दीडपट ठेवलेली होती. पाणी उतरल्यावर सरपंचांना आणि तक्रार करणाऱ्या तरुणांना पात्रात नेऊन भिंतीच्या पायाशी स्टाफ लावून दाखवला. पाया जागचा हललेला नव्हता. पटले का ते मला सांगता येत नाही. निदान छायाचित्रे फिरायची थांबली.

खालच्या टोकाला मात्र खरी अडचण निघाली. भिंत संपते तेथे पाण्याचा भोवरा फिरून पलीकडच्या मातीच्या काठाला खळगा पडू लागला होता. टोक काठात वळवून पुरलेले असल्यामुळे भिंतीला धोका नव्हता, पण खळगा वाढू देणे शहाणपणाचे नव्हते. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीत, हे बसते की नाही यावर कंत्राटदाराशी पत्रव्यवहार झाला. अखेर सुटे मोठे दगड त्या भागात उतरत्या रचनेने टाकून, खडबडीत काठ आणि दगड यांचा सांधा हळूहळू विरत जाईल असे केले. समोरच्या शेतकऱ्यांच्या वावराच्या कडेला आधीच लावलेल्या खुंट्या दोन्ही पावसाळ्यांत जागच्या जागी राहिल्या, याची नोंद मी आडव्या छेदांच्या फाईलला जोडली आहे.

आता दर वर्षी मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये पाहणी ठरलेली आहे: तुटलेली तार, फुगलेली पेटी, गटारीतील गाळ, आणि पेट्यांच्या फटीत रुजणारी वड-पिंपळाची रोपे, जी बोटभर असतानाच काढावी लागतात. याच नदीवर आणखी खाली एक वळण रस्त्याच्या दिशेने सरकते आहे. त्याचे अंदाजपत्रक सादर झाले असून, मंजूर दर विश्लेषण हाताशी असल्यामुळे या वेळी वाळ्याच्या बाबीवर कोणताही शेरा आलेला नाही.